दिल्लीकडचं येणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘देणं’ आणि ‘येणं’ हे आपल्या भाषेतले दोन साधे शब्द. आमच्या लोह्याच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं, की या दोन शब्दांचा हिशेब सुरू होतो. आडत्या पट्टी करतो. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं येतं आणि शेवटी निव्वळ रक्कम. पैसे त्याच दिवशी हातात पडले, तर प्रश्न मिटला. नाही पडले, तर ती रक्कम शेतकऱ्याचं ‘येणं’ होते. पण त्याच्या खिशात पट्टी असते. पट्टी आहे म्हणून तो आडत्याच्या दारात ताठ मानेनं उभा राहतो. पट्टी नसेल, तर तोच माणूस याचक ठरतो.

राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांच्यातही हेच असतं. ‘महाराष्ट्राचे इतके हजार कोटी केंद्राकडे थकले’ अशी बातमी आपण अनेकदा वाचली. सत्ताधारी एक सांगतात, विरोधक दुसरं सांगतात. सरकारं बदलली, की बोलणारी तोंडंही बदलतात. आपण पान उलटतो. हजार कोटी ही रक्कम आपल्या डोळ्यांसमोर उभीच राहत नाही. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस आहे. पण थकलेल्या पैशाचा शेवटचा धक्का आपल्या गावातल्या माणसाला बसतो, म्हणून हा हिशेब आपल्याला समजला पाहिजे, असं मला वाटतं.

राज्याचं केंद्राकडचं येणं एका प्रकारचं नसतं. ते तीन प्रकारचं असतं. पहिलं, कायद्यानं लिहून दिलेलं. दुसरं, योजनेच्या हप्त्याचं, म्हणजे अटींचं. आणि तिसरं, संकटातल्या मदतीचं. बातमीत तिन्ही एकाच ‘थकबाकी’ शब्दात कोंबलेली असतात, आणि तिथंच आपला गोंधळ होतो.

आधी घटना काय म्हणते ते थोडक्यात पाहू. आयकरासारखे मोठे कर केंद्र गोळा करतं. शाळा, दवाखाने, पोलीस, शेती, पाणी ही मोठ्या खर्चाची कामं मात्र राज्यांकडे आहेत. कमाई एकाकडे आणि घरखर्च दुसऱ्याकडे, असा हा संसार आहे. म्हणून दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि केंद्राच्या करांतला किती हिस्सा राज्यांना द्यायचा ते सांगतो. पंधराव्या वित्त आयोगानं हा हिस्सा ४१ टक्के ठरवला. राज्यांना मिळणाऱ्या दर शंभर रुपयांतले महाराष्ट्राला सुमारे ६ रुपये ३२ पैसे. हा हिस्सा ठरलेल्या हप्त्यांनी येतो आणि सहसा अडत नाही. मात्र केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं, ते या वाटणीत येत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिल्या प्रकारच्या येण्याकडे येऊ. १ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी, म्हणजे वस्तू आणि सेवा कर आला. तो आणताना राज्यांना आपले बरेच कर सोडावे लागले. विक्रीकराची जागा घेतलेला मूल्यवर्धित कर बहुतेक वस्तूंवरून गेला. पेट्रोल, डिझेल आणि दारू एवढेच मोठे अपवाद उरले. प्रवेश कर गेला, करमणूक कर गेला. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके त्याच दिवशी बंद झाले. महाराष्ट्रासारख्या राज्याला जास्त काळजी होती, कारण जीएसटी हा माल जिथं तयार होतो तिथं नाही, तर जिथं खपतो तिथं जमा होणारा कर आहे. कारखाना पुण्यात आणि गिऱ्हाईक पाटण्यात असेल, तर राज्याच्या वाट्याचा कर बिहारला मिळणार. कारखाने उभे करणाऱ्या राज्यांनी विचारलं, ‘आमचं नुकसान कोण भरणार?’

केंद्रानं शब्द दिला, आणि तो नुसता तोंडी नव्हता. १०१व्या घटनादुरुस्तीत तसं कलम आलं आणि २०१७ साली संसदेनं भरपाईचा वेगळा कायदा केला. २०१५-१६ साली राज्याला या जुन्या करांतून जे उत्पन्न मिळालं, ते मूळ धरायचं. त्यात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची. प्रत्यक्ष वसुली त्यापेक्षा कमी पडली, तर पाच वर्षं फरक केंद्रानं द्यायचा, दर दोन महिन्यांनी. ही झाली पट्टी.

१४ टक्के म्हणजे किती, हे गणित करून पाहण्यासारखं आहे. २०१५-१६ चं उत्पन्न १०० रुपये धरा. पुढच्या वर्षी ते ११४. जीएसटी आला त्या वर्षी जवळपास १३०. २०१९-२० ला १६९ आणि २०२१-२२ ला २१९ रुपयांच्या वर. सहा वर्षांत दुपटीहून जास्त! पाऊस पडो न पडो, शेतकऱ्याला दरवर्षी १४ टक्के वाढीव उत्पन्नाची हमी कुणी दिली, तर तो काय म्हणेल? राज्यांसाठी करार चांगला होता. देणाऱ्यासाठी मात्र जड होता आणि ते पुढे दिसलंच.

हे पैसे आणायचे कुठून? त्यासाठी भरपाई उपकर लावला गेला. सिगारेट, तंबाखू, पान मसाला, शीतपेयं, मोटारगाड्या आणि कोळसा यांवर. कोळशावर टनामागे ४०० रुपये. आपल्या परळीच्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशावरही तो होताच. म्हणजे मोटार न घेणारा आणि तंबाखूला न शिवणारा माणूसही विजेच्या बिलातून या भरपाईला हातभार लावत होता. दिल्लीनं महाराष्ट्राला भरपाई दिली असं आपण म्हणतो, पण पैसा तुमच्या-माझ्याच खिशातून निघून एका वेगळ्या खात्यातून फिरून येत होता.

पहिली दोन वर्षं गाडं बरं चाललं. २०१९ च्या उत्तरार्धात भरपाईचे हप्ते लांबू लागले. काही राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी दिल्लीत जाऊन गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा डिसेंबरात केंद्रानं सर्व राज्यांसाठी मिळून ३५,२९८ कोटी रुपये सोडले. आणि मग कोरोना आला. टाळेबंदीतल्या एप्रिल २०२० मध्ये देशभराची जीएसटी वसुली ३२,१७२ कोटींवर आली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात ती एक लाख तेरा हजार कोटींच्या वर होती. दुकानं बंद, कर बंद आणि उपकरही बंद. भरपाई द्यायची वेळ आली आणि भरपाईचं खातंच रिकामं झालं.

२७ ऑगस्ट २०२० ला जीएसटी परिषदेची बैठक झाली. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या संकटाला देवाची करणी म्हटलं. आपल्याकडे अस्मानी आणि सुलतानी असा जुना भेद आहे. दुष्काळ ही अस्मानी आणि त्या दुष्काळातही सारा वसूल करणं ही सुलतानी. कोरोना अस्मानी होता, यात वाद नाही. वाद इतकाच होता, की अस्मानी आली म्हणून लिहून दिलेलं देणं पुसलं जातं का? केंद्राची भूमिका अशी होती, की भरपाई उपकराच्या खात्यातूनच द्यायची आहे आणि ते कमी पडलं तर सरकारी तिजोरीतून भरण्याचं कायदेशीर बंधन केंद्रावर नाही. राज्यं म्हणत होती, खातं कसं भरायचं हा तुमचा प्रश्न, शब्द तुमचा आहे.

त्या वर्षीची तूट २ लाख ३५ हजार कोटींची धरली होती. केंद्रानं राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले आणि दोन्हींचा अर्थ एकच होता : कर्ज काढा. एका पर्यायात रक्कम कमी होती, दुसऱ्यात जास्त. ज्याचं येणं आहे, त्यालाच ‘तू सध्या उसने घे’ म्हणून सांगण्यासारखं ते होतं. बऱ्याच राज्यांनी नाइलाजानं होकार दिला, काही अडून बसली. अखेर १५ ऑक्टोबर २०२० ला केंद्रानं एक पाऊल पुढे टाकलं. १ लाख १० हजार कोटी रुपयांचं कर्ज स्वतःच्या नावावर काढून ते राज्यांना द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी आणखी १ लाख ५९ हजार कोटी. त्याची मुद्दल आणि व्याज पुढच्या उपकरातून फिटणार होतं. राज्यांनी आवाज केला नसता, तर ते कर्ज त्यांच्याच नावावर चढलं असतं. म्हणून मागण्याला अर्थ असतो.

या सगळ्या काळात महाराष्ट्र पत्रं लिहीत होता, परिषदेत मुद्दा मांडत होता. तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार अर्थसंकल्पाच्या वेळी थकलेला आकडा सांगत. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत काही राज्यांना इंधनावरचा कर कमी करायला सांगितलं, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी उत्तरात म्हटलं, की केंद्राकडे महाराष्ट्राचे २६,५०० कोटी रुपये बाकी आहेत. महिनाभरात, ३१ मे २०२२ ला, केंद्रानं राज्यांना मिळून ८६,९१२ कोटी रुपये सोडले आणि मे अखेरपर्यंतची भरपाई चुकती झाल्याचं जाहीर केलं. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, १४,१४५ कोटींचा होता. त्या वेळी भरपाईच्या खात्यात फक्त २५,००० कोटींच्या आसपास रक्कम होती आणि उरलेली केंद्रानं स्वतःच्या पैशातून आगाऊ दिली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. राहिलेल्या जून महिन्याची १६,९८२ कोटींची बाकी फेब्रुवारी २०२३ मध्ये परिषदेनं मार्गी लावली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे २,१०० कोटी होते.

मग राज्याचा आकडा आणि केंद्राचा आकडा जुळत का नाही? कारण दोन महिन्यांचा हप्ता हा अंदाजी असतो. अंतिम आकडा महालेखापालांनी तपासून प्रमाणपत्र दिल्यावरच पक्का होतो. केरळसारख्या राज्याचं प्रमाणपत्र वर्षानुवर्षं पोचलं नव्हतं, असं केंद्रीय अर्थमंत्र्यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं. येणं खरं असलं तरी कागद अर्धा असेल, तर देणाऱ्याला सबब मिळते. आपल्याकडे पीकविम्याच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पाच वर्षांची हमी ३० जून २०२२ ला संपली. उपकर मात्र संपला नाही. कोरोनातलं कर्ज फेडण्यासाठी त्याला मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा तंबाखूजन्य पदार्थ सोडून बाकी वस्तूंवरून तो काढला गेला. राज्यांना दोन वर्षांत मिळालेली ती भरपाई लोक पुढे कितीतरी वर्षं फेडत होते.

आता दुसरा प्रकार, योजनेच्या हप्त्यांचा. इथं पट्टी असते, पण तिच्या पाठीमागं अटी लिहिलेल्या असतात. आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्या, राज्याचा वाटा भरा, नियम पाळा, मग पुढचा हप्ता. रोजगार हमी ही तर महाराष्ट्राचीच देणगी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तेव्हा पैसा राज्याचा होता. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, अशी ती रचना होती. २००५ साली देशाचा कायदा आला. पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत आपला नांदेड होता. मजुरीचा सगळा खर्च केंद्राकडे गेला आणि पंधरा दिवसांत मजुरी देण्याचं बंधन आलं. हे चांगलंच झालं. पण पैशाची चावी मुंबईहून दिल्लीला गेली.

चावी लांब गेली की काय होतं, ते पश्चिम बंगालमध्ये दिसलं. गैरव्यवहाराचं कारण देऊन केंद्रानं मार्च २०२२ पासून त्या राज्याचा रोजगार हमीचा पैसा थांबवला. कायद्यात तसं कलम होतं आणि गैरव्यवहार झालेही असतील. पण ज्या बाईनं उन्हात माती उपसली, तिनं कोणता गैरव्यवहार केला होता? प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं १ ऑगस्टपासून कामं सुरू करायला सांगितलं. चौकशी करा, पण योजना कायमची बंद ठेवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राचं अपील फेटाळलं. तोवर साडेतीन वर्षं उलटली होती. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. त्यात कामाचे दिवस १२५ आहेत आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी आहे. म्हणजे पुढे मजुरी थकली, तर दोन दारं ठोठवावी लागतील.

तिसरा प्रकार मदतीचा. इथं पट्टी नसतेच, असतो तो अर्ज. २०१५ च्या दुष्काळासाठी महाराष्ट्रानं सुमारे ४,००० कोटी मागितले, ३,०४९ कोटी मंजूर झाले. २०१८ च्या दुष्काळासाठी ७,९०० कोटींच्या वर मागितले, ४,७१४ कोटी मंजूर झाले. केंद्राचं पथक येतं, शेतं पाहतं, निकषाप्रमाणे आकडा ठरतो. मागितलं आणि मिळालं यातला फरक आपण थकबाकी म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ती थकबाकी नसते. उलट्या दिशेचाही एक नमुना आपल्याच भागात आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. लोकांनी तिचं स्वागत केलं. पुढच्याच महिन्यात रेल्वेचं सुमारे चार कोटी रुपयांचं बिल लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचलं. रेल्वेनं सांगितलं, बिल प्रशासनानंच मागितलं होतं, भरायचं की माफी मागायची ते त्यांनी ठरवावं. चूक कुणाची हे बाजूला ठेवा. पण केंद्राकडून राज्याकडे येणाऱ्या बिलाला किती कमी वेळ लागतो, ते पाहा.

दिलं नाही तर राज्यानं जायचं कुठं? घटनेच्या १३१व्या कलमाप्रमाणे राज्य आणि केंद्र यांच्यातला दावा थेट सर्वोच्च न्यायालयात चालतो. तमिळनाडूनं मे २०२५ मध्ये समग्र शिक्षा योजनेच्या २,२९१ कोटींसाठी असाच दावा दाखल केला. कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये दुष्काळ मदतीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा वाजवला, आणि पुढच्याच महिन्यात जवळपास ३,४५० कोटी सुटले. मागणी मात्र १८ हजार कोटींच्या वर होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटक आणि केरळचे मुख्यमंत्री लागोपाठ दोन दिवस दिल्लीत जंतरमंतरवर बसले. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणालं, तर सगळी राज्यं एक होऊनही ठराव होत नाही. म्हणून पत्र, परिषद, न्यायालय आणि रस्ता अशी चारही दारं राज्यांना वाजवावी लागतात.

कागद किती मोलाचा, याची एक गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात आहे. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईच्या धामधुमीत संस्थानाचे सुमारे १० लाख पौंड लंडनमधल्या पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या बँक खात्यावर वळते झाले. कशासाठी, ते नीट लिहिलं गेलं नाही. पुढे भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस त्यावर भांडत राहिले. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, तब्बल ७१ वर्षांनी. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. पैसा वाढला, पण ज्या रयतेच्या साऱ्यातून संस्थानाच्या तिजोऱ्या भरल्या, तिच्या दोन पिढ्या मातीआड गेल्या होत्या. देण्याघेण्याची गोष्ट साक्षीदार बसवून लिहून ठेवावी, असं कुराणात सांगितलं आहे, आणि कुराणातली सर्वांत लांब आयत हीच आहे. आमच्या घरांत जनाज्याच्या नमाजाआधी वारस उभा राहून विचारतो, ‘मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर सांगा.’ कुठल्याही धर्माचा माणूस असो, देणं ठेवून जाणं त्याला जड वाटतं. सरकारं मरत नाहीत, म्हणून कदाचित त्यांना ते जड वाटत नसावं.

आणि आता जरा खाली पाहू. राज्य दिल्लीकडे हात दाखवतं, पण राज्याच्याही दारात मागणारे उभे आहेत. जकात आणि एलबीटी गेल्यावर महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्यानं २०१७ साली केला, त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली. म्हणजे महापालिका राज्याकडे तेच मागते, जे राज्य केंद्राकडे मागतं. जलजीवन मिशनमध्ये केंद्र आणि महाराष्ट्र यांचा वाटा निम्मा-निम्मा. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली. कंत्राटदार थांबला की गवंडी थांबतो, गवंडी थांबला की अर्धी टाकी उभी राहते, आणि तिच्या सावलीतून बाई घागर घेऊन विहिरीवर जाते. दिल्ली म्हणते मुंबईचा हिशेब आला नाही, मुंबई म्हणते दिल्लीचा हप्ता आला नाही. बाईची घागर मात्र रोज भरावी लागते.

म्हणून यापुढे ‘थकबाकी’ची बातमी वाचाल, तेव्हा पान उलटू नका. तीन प्रश्न विचारा. हे येणं कायद्यानं लिहिलेलं आहे, योजनेचं आहे, की मदतीचं? त्याचा कागद पुरा आहे का, नसेल तर कुणामुळे अपुरा आहे? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : पैसा आला, तर तो खाली कुणापर्यंत पोचला? पहिले दोन प्रश्न मंत्र्यांना विचारायचे आहेत. तिसरा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. तिथं नाव, काम आणि रक्कम वाचून दाखवायला सांगायचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही. उठून उभं राहावं लागतं, एवढंच.